सरकार पहिले गिऱ्हाईक होते तेव्हा

२०१४ च्या सुरुवातीला केंद्र सरकारच्या अखत्यारीतल्या एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस लिमिटेड, म्हणजे ईईएसएल या कंपनीने घरगुती एलईडी दिव्यांची मोठी खरेदी केली, तेव्हा सात वॅटच्या एका दिव्यासाठी तिला ३१० रुपये मोजावे लागले. पुढच्या वर्षी हा दर ७३ रुपयांवर आला. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये तर नऊ वॅटचा, म्हणजे आधीपेक्षा जास्त उजेडाचा दिवा कर वगळून ३८ रुपयांना द्यायला कारखानदार तयार झाले. अडीच-पावणेतीन वर्षांत किंमत आठव्या हिश्श्यावर आली, आणि तीही दिव्यावर अनुदान न देता. एलईडीचा मूळ शोध आपला नव्हे. निळ्या एलईडीचे संशोधन जपानमध्ये झाले आणि त्यासाठी अकासाकी, अमानो व नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल मिळाले. भारतीय कारखान्यांत जे नवे घडले ते दिवा बनवण्याच्या रीतीत घडले. ॲल्युमिनियमच्या जड ओतीव कवचाच्या जागी हलके कवच आले, चढउतारांच्या विजेत टिकणारे स्वस्त ड्रायव्हर सर्किट तयार झाले, हाताने होणारी जोडणी यंत्रांवर गेली. सरकारी आकडेवारीनुसार देशातले एलईडी दिव्यांचे उत्पादन महिना एक लाखावरून चार कोटींवर गेले. या बदलामागचे मुख्य बळ संशोधनासाठी दिलेला निधी नव्हता, करसवलतही नव्हती. होती ती एक खरेदी. त्या खरेदीच्या रचनेकडे आपले धोरणकर्ते आणि आपण नागरिकही फार कमी लक्ष देतो, असे मला वाटते.

नव्या वस्तूची खरी अडचण बहुतेक वेळा कल्पनेची नसते, पहिल्या गिऱ्हाइकाची असते. वस्तू महाग आहे म्हणून खप नाही, खप नाही म्हणून मोठा कारखाना नाही आणि मोठा कारखाना नाही म्हणून वस्तू महाग आहे, अशा फेऱ्यात ती अडकते. हा फेरा फोडायला कोणीतरी आधी खरेदीचा शब्द द्यावा लागतो, आणि तो बँकेला पटेल असा असावा लागतो. सर्वसामान्य ग्राहक असा शब्द देऊ शकत नाही. सरकार देऊ शकते, कारण त्याची खरेदी तशी प्रचंड असते. युरोपीय संघात सार्वजनिक खरेदी सकल देशांतर्गत उत्पन्नाच्या सुमारे १४ टक्के आहे आणि भारतात ती एक-पंचमांशाच्या आसपास असल्याचा अंदाज केला जातो. ईईएसएलने नेमके हेच केले. वेगवेगळ्या राज्यांच्या वीज कंपन्यांची मागणी एकत्र केली, प्रमाण आधी जाहीर केले, दिव्याने किती उजेड द्यावा, किती काळ टिकावे हे लिहून दिले आणि तीन वर्षांच्या आत दिवा गेला तर तो फुकट बदलून देण्याची अट घातली. सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे एकच महाखरेदी करण्याऐवजी तिने काही महिन्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा निविदा काढल्या. एका फेरीत हरलेला कारखानदार पुढच्या फेरीत कमी खर्चाची रचना घेऊन परत येऊ शकत होता, आणि जिंकलेल्यालाही निर्धास्त बसता येत नव्हते. ग्राहकाच्या खिशाचाही विचार होता: अनेक ठिकाणी दिवा घेताना दहा रुपये आणि उरलेले वीजबिलातून हप्त्याहप्त्याने, अशी सोय होती. त्याआधी २००९ मध्ये सुरू झालेली ‘बचत लॅम्प योजना’ सीएफएल दिवे साध्या बल्बच्या किमतीत देऊन फरक कार्बन क्रेडिट विकून भरून काढणार होती. आंतरराष्ट्रीय बाजारात क्रेडिटचे भाव कोसळले आणि योजनाही थंडावली. उद्देश दोन्हींचा एकच होता. एकीत उत्पादकाचा पैसा परक्या बाजाराच्या भावावर टांगलेला होता, दुसरीत तो वीजबिलाच्या वसुलीशी बांधलेला होता.

याच यंत्रणेचे सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेतल्या मायक्रोचिपचे आहे. १९५८-५९ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या जॅक किल्बी आणि फेअरचाइल्डच्या रॉबर्ट नॉइस यांनी एकात्मिक सर्किट स्वतंत्रपणे शोधले, ते मुख्यतः आपापल्या कंपन्यांच्या पैशावर. पण ते विकत घेणार कोण? १९६२ मध्ये एका सर्किटची सरासरी किंमत सुमारे ५० डॉलर होती, आणि रेडिओ किंवा हिशेबाचे यंत्र बनवणाऱ्या कोणालाही ती परवडणारी नव्हती. मिनिटमन क्षेपणास्त्र आणि अपोलो यानाचा संगणक यांना मात्र वजन आणि आकार कमी हवा होता, किंमत कितीही असो. त्या वर्षी अमेरिकेतले जवळजवळ सगळे उत्पादन सरकारी कामांसाठी गेले. १९६८ मध्ये सरासरी किंमत सव्वादोन-अडीच डॉलरवर आली होती आणि सरकारी खरेदीचा वाटा ३७ टक्क्यांपर्यंत खाली आला होता. मला यातला दुसरा आकडा पहिल्याहून मोलाचा वाटतो. सरकारने आधी सगळा भार उचलला आणि खासगी बाजार उभा राहताच त्याचा वाटा आपोआप कमी होत गेला. सरकारी मागणी खासगी मागणीला हुसकावून लावते, असा आक्षेप अर्थशास्त्रात नेहमी घेतला जातो. जिथे खासगी मागणी आधीच आहे तिथे तो खरा आहे. जिथे ती अजून जन्मलीच नाही तिथे हुसकावण्यासारखे काही नसते.

पण नुसती मोठी खरेदी पुरेशी नाही. काय विकत घ्यायचे हे कसे लिहिले आहे, यावर सगळे ठरते. २००६ मध्ये नासाने अवकाश स्थानकापर्यंत सामान नेण्यासाठी खासगी कंपन्यांना बोलावले, तेव्हा रॉकेटचे आराखडे हाती दिले नाहीत. सामान स्थानकापर्यंत सुरक्षित पोचले पाहिजे, एवढी गरज सांगितली आणि ठरलेला टप्पा गाठला की ठरलेली रक्कम, अशी पद्धत ठेवली. निवडलेल्या दोन कंपन्यांपैकी रॉकेटप्लेन किस्लरला निधी उभारता आला नाही. २००७ मध्ये तिचा करार संपवला गेला आणि उरलेल्या रकमेतून दुसरी कंपनी घेतली गेली. मूळ निवडीतली दुसरी कंपनी स्पेसएक्स होती. तिचे ड्रॅगन यान मे २०१२ मध्ये स्थानकाला जोडले गेले. आपल्याकडे इस्रोनेही खासगी उद्योगाकडून दशकानुदशके खरेदी केली आहे. इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरच्या कारखान्यात रॉकेट मोटारींची कवचे बनतात, विक्रोळीच्या गोदरेजमध्ये विकास इंजिने बनतात. या खरेदीने महाराष्ट्रात अत्यंत अचूक यंत्रकामाची जी परंपरा उभी केली तिचे मोल मोठे आहे. मात्र बहुतेक कामांत आराखडा इस्रोचा आणि घडण कारखान्याची, अशी विभागणी राहिली. आराखडा ठरलेला असेल तर कारखानदार तो अधिक चांगल्या रीतीने घडवायला शिकतो. वेगळा आराखडा मांडण्याचे कारण मात्र त्याला उरत नाही. १९७०-८० च्या दशकात, जेव्हा देशात ते ज्ञान दुसऱ्या कोणाकडेच नव्हते, तेव्हा ही विभागणी योग्यच होती. आज तसे म्हणता येत नाही.

गरज लिहायची आणि उपाय उद्योगावर सोपवायचा, या रीतीचे एक उत्तम उदाहरण पुण्यात आहे. आफ्रिकेच्या सहारा वाळवंटाखालच्या पट्ट्यात ‘अ’ गटाच्या मेंदूज्वराच्या साथी वारंवार येत. लस बनवणे शास्त्रीयदृष्ट्या शक्य होते, पण ज्यांना ती हवी होती त्या देशांकडे पैसा नव्हता, म्हणून मोठ्या औषध कंपन्यांना त्यात रस नव्हता. २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि पाथ या संस्थेने काम हाती घेतले तेव्हा आफ्रिकी देशांकडून आलेली अट स्पष्ट होती: डोस अर्ध्या डॉलरच्या आत हवा. त्या किमतीत लस द्यायला पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट तयार झाली. अमेरिकेच्या एफडीएच्या प्रयोगशाळेतली, लसीचे घटक जोडण्याची नवी पद्धत तिने आत्मसात केली, आणि डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत मेनआफ्रिव्हॅकचे लसीकरण मोठ्या प्रमाणावर सुरू झाले. पुढच्या काही वर्षांत तीस कोटींहून अधिक लोकांना ती मिळाली आणि ‘अ’ गटाचा मेंदूज्वर त्या पट्ट्यातून जवळपास नाहीसा झाला. इथे किंमत हाच तांत्रिक निकष झाला होता. स्वस्त लस म्हणजे उरलेसुरले काम, असे मानणाऱ्यांनी हे प्रकरण लक्षात ठेवावे. किमतीची मर्यादा पाळण्यासाठीच नवी उत्पादनरीत स्वीकारावी लागली.

न्यूमोनियाच्या लसीची कथा याच्या शेजारची आहे, आणि कमी समाधानकारक आहे. लस आधीच विकत घेण्याचे बंधनकारक वचन दिले तर कंपन्या गरीब देशांच्या रोगांवर काम करतील, हा विचार मांडणाऱ्यांमध्ये मायकेल क्रेमर हे अर्थशास्त्रज्ञ अग्रभागी होते. २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल त्यांना अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्यासह मिळाले. इटली, ब्रिटन, कॅनडा, रशिया, नॉर्वे आणि गेट्स फाउंडेशन यांनी २००७ मध्ये न्यूमोकोकल लसीसाठी दीड अब्ज डॉलरचे असे वचन दिले. लस वेगाने पोचली हे खरे. पण या निधीचा बराच मोठा भाग फायझर आणि ग्लॅक्सोस्मिथक्लाइन या कंपन्यांकडे गेला, ज्यांची लस एक तर तयार होती किंवा तयार होण्याच्या बेतात होती. ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ने यावर केलेली टीका मला रास्त वाटते. सीरमच्या न्यूमोसिलला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता २०१९ च्या डिसेंबरमध्ये मिळाली आणि तिचा दर डोसमागे दोन डॉलरपर्यंत खाली आला. नवा उत्पादक आणि कमी दर, हे दोन्ही आले, पण दशकभर उशिरा. नव्यांसाठी राखीव वाटा न ठेवता सगळा निधी एकाच रांगेत मांडला, की रांगेत पुढे उभा असलेला तो घेऊन जातो.

आता आपल्या नेहमीच्या तक्रारीकडे येऊ. सरकारी खरेदीत नवे काही होत नाही याचे खापर आपण एल-वनवर, म्हणजे सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारण्याच्या पद्धतीवर फोडतो. मला हे निदान अपुरे वाटते. एलईडी दिवे एल-वननेच विकत घेतले गेले. सर्वांत कमी दर जुळवायची तयारी दाखवणाऱ्या इतर कंपन्यांनाही त्यात वाटा मिळाला, एवढाच फरक. कमी दराची स्पर्धा नव्या कल्पनेला मारतेच असे नाही. मारतात ती निविदेची त्याआधीची पाने. मागच्या तीन वर्षांची इतकी उलाढाल, अशाच प्रकारचे काम अमुक रकमेपर्यंत पूर्ण केल्याचा दाखला, बयाणा रक्कम, आणि एखाद्या जुन्या उत्पादनाचे माहितीपत्रक समोर ठेवून उतरवलेले तांत्रिक तपशील. जी वस्तू गेल्या वर्षी अस्तित्वातच नव्हती तिच्या तीन वर्षांच्या अनुभवाचा दाखला कोण देणार? केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांनी नवउद्योगांना उलाढाल आणि पूर्वानुभवाच्या अटींतून सूट देण्याची मुभा दिली आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये वित्त मंत्रालयाने कामांच्या आणि सल्लागारीबाहेरच्या सेवांच्या खरेदीतही, मर्यादित प्रसंगी, गुणवत्तेला तीस टक्क्यांपर्यंत वजन देण्याची वाट खुली केली. नियम आहेत. टेबलामागचा अधिकारी मात्र ते वापरायला कचरतो, आणि त्याचे कचरणे समजण्यासारखे आहे: जुन्या पुरवठादाराची वस्तू फसली तर त्याला कोणी विचारत नाही, नव्याची फसली तर कॅगचा परिच्छेद आणि दक्षता चौकशी त्याच्या नावावर लागते.

राज्याच्या बांधकाम खात्यात आणि महापालिकांत याहून साधा एक अडथळा आहे, तो म्हणजे दरसूची. अभियंता अंदाजपत्रक बनवतो ते दरसूचीतल्या बाबींवरून. तिथे नसलेले साहित्य घालायचे तर दराचे पृथक्करण करा, वरिष्ठांची मंजुरी घ्या, लेखापरीक्षणाच्या शंकांना उत्तरे द्या. मदुराईच्या प्रा. आर. वासुदेवन यांनी टाकाऊ प्लॅस्टिक डांबरात मिसळण्याची पद्धत विकसित केली त्याला बरीच वर्षे लोटली होती, तेव्हा २०१३ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेसने त्याची मार्गदर्शिका काढली. मधल्या काळात इच्छा असलेल्या अभियंत्यालाही ती वापरणे अवघड होते, कारण ज्या कागदाच्या आधारे तो सही करतो त्या कागदात ती नव्हती. आपण रस्त्याचे पैसे डांबराच्या घनमीटरवर मोजतो. तोच रस्ता पाच पावसाळे खड्ड्याविना टिकला तर इतके, असे मोजले, तर कंत्राटदार स्वतःच टिकाऊ मिश्रण शोधत फिरेल. दोषदायित्व कालावधीची अट आजही असते, पण ती शिक्षेच्या स्वरूपात असते आणि तिची अंमलबजावणी दुबळी असते. दराचा पाया अजूनही साहित्यच आहे.

एवढे मांडल्यावर उलट बाजूचा पुरावाही पाहिला पाहिजे, आणि तो त्याच ईईएसएलचा आहे. २०१७ मध्ये तिने दहा हजार विजेवरच्या मोटारींची निविदा काढली, सरकारी कार्यालयांसाठी. टाटा मोटर्सचा दर सर्वांत कमी आला, महिंद्रालाही वाटा मिळाला, आणि दिव्यांची पुनरावृत्ती होणार असे सगळ्यांनी गृहीत धरले. पण मोटारी कार्यालयांपर्यंत संथपणे गेल्या. एका चार्जिंगमध्ये पुरेसे अंतर जात नाही ही अधिकाऱ्यांची तक्रार होती, चार्जिंगची ठिकाणे नव्हती आणि योजना मूळ आकड्याच्या जवळपासही पोचली नाही. खरी उचल खाल्ली ती रांजणगावला बनणाऱ्या, जानेवारी २०२० मध्ये खासगी ग्राहकासमोर आलेल्या नेक्सॉन ईव्हीने. सरकारने बाजारात नाक खुपसू नये म्हणणाऱ्यांना हे उदाहरण आवडेल. माझे वाचन वेगळे आहे. दिवा जुन्या होल्डरमध्ये बसत होता. मोटारीला लागणारी सोबतची व्यवस्था त्या खरेदीत धडपणे नव्हती. वापरणाऱ्याला मोटारच नकोशी होती. आणि सगळा आकडा एकाच निविदेत टाकल्यामुळे दुसऱ्या फेरीत सुधारून येण्याची संधी कोणाला फारशी नव्हती. पुढे २०२२ मध्ये ईईएसएलच्याच उपकंपनीने पाच शहरांची मागणी एकत्र करून ५,४५० विजेवरच्या बसगाड्यांची निविदा काढली, तेव्हा बस विकत न घेता धावलेल्या किलोमीटरवर पैसे द्यायचे ठरवले. बॅटरी टिकवणे आणि चार्जिंगचे वेळापत्रक बसवणे ही त्यामुळे पुरवठादाराची डोकेदुखी झाली, आणि दर डिझेल बसच्या खाली आले. मग वेगळाच प्रश्न पुढे आला: तोट्यातल्या परिवहन उपक्रमांकडून बिले वेळेवर मिळतील का? कंपन्या आणि बँका बिचकल्या. अखेर सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राला ३,४३५ कोटींची, बिले थकल्यास हमी देणारी व्यवस्था मंजूर करावी लागली.

एलईडीच्या यशावरचे दोन आक्षेपही टाळता येणार नाहीत. पहिला असा की जगभरच एलईडी चिप स्वस्त होत होत्या, भारतात खरेदी झाली नसती तरी दर उतरले असते. उतरले असते हे नक्की, त्यामुळे सगळे श्रेय खरेदीला देता येत नाही. पण चिप हा दिव्याच्या खर्चाचा एक भाग आहे. कवच, सर्किट, जोडणी आणि वितरकाचा नफा हे उरलेले भाग इथल्या खपाच्या आकारमानावर ठरतात, आणि अडीच वर्षांत इतका उतार केवळ आयात चिपच्या भावाने आला असता हे मला पटत नाही. दुसरा आक्षेप जास्त जड आहे. चिप आजही मुख्यतः बाहेरूनच येतात. दराच्या ओढाताणीत कारखानदाराच्या हाती संशोधनाला पैसा उरला नाही, आणि सुट्या भागांच्या उत्पादनासाठी २०२१ मध्ये वेगळी प्रोत्साहन योजना आणावी लागली. हे मान्य करावेच लागेल. खरेदीच्या अटींमध्ये दराइतकेच वजन उजेडाच्या कार्यक्षमतेला दिले असते, दर फेरीला वॅटमागे किती उजेड हवा ही मर्यादा चढवत नेली असती, तर स्पर्धा स्वस्ताईवरून गुणवत्तेकडे वळली असती. मागितले ते मिळाले, आणि मागितली होती किंमत.

राहता राहिला भ्रष्टाचार. निकष मोकळे ठेवले की मर्जीतल्या माणसाला काम देण्याची वाट मोकळी होते, ही भीती आपल्या इतिहासातून आली आहे आणि तिला वेड्यात काढण्यात अर्थ नाही. पण काटेकोर तपशिलांनी ही वाट बंद झालेली नाही. एकाच कंपनीच्या वस्तूवर बेतलेले मोजमाप निविदेत घुसवणे हा तर मर्जी सांभाळायचा सर्वांत सोयीचा मार्ग आहे, आणि कागदावर तो निर्दोष दिसतो. परिणाम मोजणारी निविदा लपवायला अवघड असते: पाण्याची गळती किती टक्क्यांनी कमी झाली, बस किती किलोमीटर धावली, हे कोणालाही तपासता येते, वार्ताहरालाही आणि नगरसेवकालाही. त्यासाठी मोजणारा तिसरा पक्ष हवा, मोजमाप लोकांसमोर ठेवले पाहिजे, आणि पहिली खरेदी लहान ठेवून ती फसण्याची शक्यता आधीच लेखी मान्य केली पाहिजे, म्हणजे प्रामाणिकपणे प्रयोग करणाऱ्या अधिकाऱ्याला नंतर गुन्हेगारासारखे उभे राहावे लागणार नाही. लघुउद्योगांची बिले ४५ दिवसांत चुकती करण्याचा कायदा २००६ पासून आहे; तो आधी सरकारी खात्यांनीच पाळला पाहिजे, कारण नव्या कंपनीचा जीव बहुतेकदा थकलेल्या बिलात जातो.

महापालिका आणि जिल्हा परिषदांच्या निविदा आज संकेतस्थळांवर कोणालाही वाचता येतात. आपल्या गावची पुढची निविदा निघेल, दिव्यांची असो, पंपांची असो की रस्त्याची, तेव्हा तिच्यातली रक्कम पाहून थांबू नका. पात्रतेच्या अटी आणि तांत्रिक तपशिलांचे पान उघडा, तिथे वस्तूचे वर्णन आहे की कामाची अपेक्षा आहे ते पाहा, आणि नुसते वर्णन असेल तर निविदापूर्व बैठकीची मुदत संपायच्या आत लेखी हरकत पाठवा.